लाकडावरची अळंबी आणि वारुळाचा अनुभव

मांडवीच्या किनाऱ्यामागे पावसाळ्यात एखाद्या कुजत्या आंब्याच्या ओंडक्यावर पांढरी-करडी अळंबी थरांनी फुटलेली दिसली, की ती खायची का, हा प्रश्न येतोच. उत्तरही बहुधा तयार असते : जमिनीवरची कुत्र्याची छत्री विषारी, लाकडावरची चांगली. हा नियम मला धोकादायक वाटतो, कारण तो ज्या अनुभवाच्या जोरावर सांगितला जातो, तो अनुभव मुळात दुसऱ्याच अळंबीचा आहे. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चवीने खाल्ली जाते ती मुख्यतः वारुळाची. वाळवी चावलेल्या लाकूड-पाल्यावर टर्मिटोमायसिस नावाची बुरशी पोसते आणि पावसात तिची छत्री मुळासारखा लांब देठ घेऊन जमिनीबाहेर येते. तिची जागा, तिचा हंगाम, देठाची ठेवण, वास हे सारे जाणत्यांना पाठ असते. त्यातले काहीच ओंडक्यावरच्या अळंबीला लागू पडत नाही.

तिथे खाण्याजोगी सापडू शकते ती धिंगरी, म्हणजे प्ल्युरोटस. बाजारात पाकिटातून मिळणारी, भाताच्या पेंढ्यावर वाढवलेली धिंगरी याच कुळातली. लाकडाला कणखर करणारे लिग्निन ती पचवते, म्हणून तिने पोखरलेले लाकूड पांढरट आणि तंतुमय होते. टोपी शिंपल्यासारखी, देठ आखूड आणि एका बाजूला किंवा मुळीच नाही, टोपीखालचे पडदे देठावर खाली उतरलेले, देठाला कडे नाही, बुडाशी पिशवी नाही. एवढे जुळले तरी मी थांबेन. टोपी कापून, पडदे खाली करून, अर्ध्या काळ्या आणि अर्ध्या पांढऱ्या कागदावर रात्रभर वाटीखाली झाकून ठेवावी. धिंगरीच्या बीजाणूंचा ठसा पांढरा किंवा किंचित जांभळट उमटतो. तपकिरी उमटला, तर ती धिंगरी नव्हे. क्रेपिडोटस ही लाकडावरचीच, तशाच आकाराची बुरशी असा तपकिरी ठसा देते. थंड मुलखातली गॅलेरिना मार्जिनाटा तर लाकडावरच उगवते आणि तिच्यात यकृत निकामी करणारे अ‍ॅमाटॉक्सिन असते. ते शिजवल्याने जात नाही. लसूण किंवा चांदीचे नाणे काळे पडण्याची परीक्षा तिथे काहीच सांगत नाही.

यावर कुणी म्हणेल, आजीने कधी ठसे घेतले नव्हते. खरे आहे, आणि आजीचे ज्ञान मी कमी लेखत नाही. पण ती नियमावरून नव्हे, ठरावीक जागेवरच्या ठरावीक अळंबीला ओळखून खात होती. ते ज्ञान त्या जागेपुरते पक्के असते. शिवाय दीर्घ अनुभवही अपुरा पडल्याचा दाखला आहे. जपानमध्ये सुगीहिराताके ही झाडांच्या जुन्या बुंध्यांवरची पांढरी अळंबी लोक वर्षानुवर्षे खात होते. २००४ च्या शरदात ती खाल्ल्यानंतर मेंदूविकार होऊन १७ जण दगावले. त्यांतल्या बहुतेकांना आधीपासून मूत्रपिंडाचा आजार होता. मग हा विषयच सोडून द्यावा का? मला तसे वाटत नाही. ओळख करून घ्यावी, निरखावे, ठसे घ्यावेत. शंका उरली तर ताटात मात्र घेऊ नये. जाणत्याने खात्री दिलेलीही पहिल्यांदा थोडीच, नीट शिजवून खावी आणि एक-दोन कच्च्या छत्र्या बाजूला ठेवाव्यात. अ‍ॅमाटॉक्सिनची लक्षणे साधारण ६ ते २४ तासांनी उलट्या-जुलाबांच्या रूपात दिसतात, मध्येच बरे वाटते आणि तेवढ्यात यकृत बिघडत जाते. अशा वेळी उतार पडेल म्हणून वाट न पाहता, बाजूला ठेवलेल्या छत्र्या घेऊन लगेच रुग्णालय गाठावे.