वाकळ सपाट का बसत नाही?

कागल पंचतारांकित एमआयडीसीत पाळी करून घरी आलो की आम्ही काही जणी वाकळा शिवतो. सुरुवातीला एका बाळंतिणीच्या घरून लहान वाकळीची ऑर्डर आली. तळाला घालायला त्यांनी आजीचं लुगडं दिलं होतं. आम्ही नव्या कापडाची कात्रणं आणली, त्रिकोण कापले, मशीनवर एकमेकांना जोडले आणि लुगड्यावर शिवले. वाकळ अंथरली तर मध्ये फुगलेली आणि कडांना लाटा! उसवायला गेलो तर जुनं लुगडं फाटलं. पैसे परत देता आले, लुगडं कुठून देणार?

आमची टीप सरळ होती. चूक कापण्यात होती.

मागावर उभे धागे ताणून बसवलेले असतात. म्हणून काठाच्या दिशेने कापड फारसं ताणत नाही. आडवं जरा ताणतं. तिरकं, म्हणजे उरेब ओढलं तर मात्र चांगलंच लांबतं. पोलक्याच्या गळ्याला आपण उरेब पट्टी लावतो, ती याच गुणामुळे छान वळते. वाकळीत तोच गुण नडतो. आमच्या त्रिकोणांची लांब बाजू नेमकी उरेब आली होती.

आता आम्ही काय करतो, ते सांगतो. नवी सुती कात्रणं आधी धुतो, कारण ती आटतात. ओलं कापड लोंबकळत न ठेवता सावलीत पसरून वाळवतो. मग तांदळाच्या पेजेची पातळ खळ देतो, त्याने तुकडा कडक होतो. इस्त्री घासत नाही. उचलून ठेवतो, पुन्हा उचलतो. होजिअरीचं कापड सगळीकडून ताणतं, म्हणून ते बाजूला काढतो.

शक्यतो चौकोनच कापतो, तेही धाग्याच्या रेषेत. तिरकी कड आलीच, तर जोडण्याआधी तिच्या अगदी जवळून एक टीप मारून घेतो. मशीनवर तिरक्या कडेचा तुकडा खाली आणि सरळ कडेचा वर ठेवतो, कारण मशीनचे दात खालचं कापड पुढे सरकवतात. हाताने कापड ओढायचं नाही, नुसती दिशा द्यायची.

आपल्या आज्या यातलं काही न करता सपाट वाकळ शिवायच्या. त्या तुकडा तुकड्याला जोडत नसत. जमिनीवर लुगडं पसरून, तुकड्याची कड दुमडून तो थेट खालच्या थरांवर धावदोऱ्याने टाचायच्या. खालचं कापडच तुकड्याला धरून ठेवायचं. कर्नाटकात हल्याळ, यल्लापूरकडच्या सिद्दी बायकांची कवंदीही अशीच, कडेकडून मधे शिवत नेतात.

आता कुणी जुनं लुगडं दिलं, तर आम्ही मशीन झाकून ठेवतो आणि जमिनीवर बसतो. वेळ जास्त लागतो, पण लुगडं शाबूत राहतं.