केसपेपर संगणकावर आणताना

मधुमेहाचा जुना पेशंट दवाखान्यात येतो तेव्हा हातात प्लास्टिकची पिशवी असते. घडीवर फाटायला आलेले केसपेपर, शाई उडालेला ईसीजी, तीन लॅबचे रिपोर्ट. त्यातून मागची साखर शोधेपर्यंत बाहेर रांग वाढलेली असते.

तरीही अनेक डॉक्टर संगणकावरच्या नोंदी टाळतात. त्यांची अडचण खरी आहे: पेशंटकडे बघायचं की कीबोर्डकडे? म्हणूनच नुसतं सॉफ्टवेअर देऊन भागत नाही, शेजारी बसून शिकवावं लागतं. अमेरिकेत 2009 च्या हायटेक कायद्याने संगणकावर नोंदी ठेवण्यासाठी डॉक्टरांना पैसे तर दिलेच, शिवाय छोट्या दवाखान्यांच्या मदतीला 62 प्रादेशिक केंद्रं उभी राहिली. मला हा दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो.

आपल्याकडे सप्टेंबर 2021 मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. त्यात पेशंटला 14 अंकी आभा क्रमांक, म्हणजे आरोग्य खात्याचा क्रमांक, मिळतो आणि नोंदी दुसऱ्या डॉक्टरला दाखवायच्या तर पेशंटची संमती लागते.

डॉक्टरमंडळींनो, जुन्या फायली चढवत बसू नका, तिथेच उत्साह संपतो. आज आलेल्या पेशंटची ॲलर्जी, निदान, चालू औषधं एवढंच भरा. वजन आणि बीपी सिस्टर भरतील. नेहमीच्या पंचवीस-तीस औषधांची डोससकट यादी आधीच तयार ठेवा. निम्मं टायपिंग तिथेच वाचतं. बॅकअप मात्र रोज घ्या.

आणि तुमच्या ओळखीत एखादे डॉक्टर असतील, तर एका संध्याकाळी त्यांच्याशेजारी बसून ती औषधांची यादी तेवढी भरून द्या.