न घडलेल्या नुकसानीची हमी

शेजारी पाया खणला जात असता आपल्या भिंतीस तडा गेल्यास भरपाई मागता येते, हे सर्वश्रुत आहे. परंतु ती देणाऱ्याजवळ तोवर पैसाच उरला नसेल, तर त्या हक्काचे मोल काय? रोमन विधिज्ञांनी या प्रश्नासाठी योजलेली संज्ञाच मोठी बोलकी आहे. ‘दाम्नुम इन्फेक्तुम’ म्हणजे अद्याप न घडलेली हानी. (यातील निषेधवाचक ‘इन्’ हा संस्कृत ‘अ’चा सगोत्र, आणि ‘करणे’ या अर्थाचे ‘फाकेरे’ हे क्रियापद संस्कृत ‘धा’ धातूचे. ‘धा’पासूनच ‘हित’ सिद्ध होते. तेव्हा व्युत्पत्तीच्या अंगाने ‘इन्फेक्तुम’ हा आपल्या ‘अहित’ शब्दाचा दूरचा आप्त ठरतो. अर्थसाम्य मात्र शोधू नये. येथे हानीचा बोध ‘दाम्नुम’ करतो.)

शेजारचे जीर्ण घर वा चालू बांधकाम यांपासून धोका दिसताच रोमन नागरिक प्रेटर या न्यायाधिकाऱ्याकडे जाऊन शेजाऱ्याकडून भरपाईचे वचन मागे. मालकाचे नुसते वचन पुरे होई. मालक नसलेल्यास जामीन द्यावे लागत. वचन नाकारणाऱ्याच्या मिळकतीत प्रेटर अर्जदारास ताबा देई, आणि हट्ट टिकला तर दुसऱ्या आज्ञेने मालकीचीही वाट मोकळी होई. मात्र वचन घेण्याआधीच घर कोसळले, तर सामान्यतः दावा चालत नसे. इ. स. ५३३ मधील जस्टिनिअनच्या ‘डायजेस्ट’च्या ३९व्या ग्रंथात यावर स्वतंत्र प्रकरण आहे.

इंग्लंड व वेल्समध्ये हाच विचार सामाईक भिंतींविषयीच्या १९९६ च्या कायद्यात, १२व्या कलमात, आढळतो. काम सुरू होण्यापूर्वी शेजारी नोटीस देऊन तारण मागू शकतो. रकमेवर एकमत न झाल्यास सर्वेक्षक निर्णय देतात. येथे गप्प राहिल्याने भरपाईचा हक्क बुडत नाही, कारण तो ७व्या कलमाने वेगळा दिला आहे. बुडते ते तारण. अर्धवट खणून बांधणारा दिवाळखोर झाला, तर उघडी पडलेली भिंत सावरण्यास हाती पैसा असतो तो या तारणाचाच. कलमाचे शीर्षक ‘खर्चासाठी तारण’ असे आहे, पण कोणत्या खर्चासाठी आणि किती, हे पहिल्या पोटकलमात सांगितलेले नाही. एवढ्या महत्त्वाच्या जागी ही मोघम भाषा खटकते.

शेजाऱ्याच्या इमारतीपासून ३ मीटरांच्या आत तिच्या पायाहून खोल खणावयाचे असल्यास किमान १ महिना आधी नोटीस द्यावी लागते. व्यवहारात तारण मागण्यास शेजाऱ्याला मिळतो तो बहुधा एवढाच अवधी.