मीटरच्या पुढची वीज आणि आपले बिल

वीजबिल वाढले की आपण मीटरला दोष देतो. परंतु मीटरपासून कारखान्यापर्यंतची वायर आपली असते आणि तिच्यात वाया जाणारी वीजही आपल्याच बिलात येते. ती किती, हे काढण्यास गुणाकार व भागाकार येणे पुरेसे आहे.

व्होल्ट म्हणजे विजेचा दाब, अँपिअर म्हणजे वाहणारा प्रवाह. प्रवाहाला जो अडथळा होतो तो रोध. उर्दू शाळेत आम्ही त्यालाच मुजाहमत म्हणत असू. तो ओहममध्ये मोजतात. जर्मन शास्त्रज्ञ ओहम यांनी १८२७ साली मांडलेला नियम असा : व्होल्टला अँपिअरने भागले की रोध मिळतो. व्होल्ट व अँपिअर यांचा गुणाकार केला की शक्ती, म्हणजे वॅट मिळतात. १००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते.

आता चांदीपमध्ये एखाद्या बंधूने मीटरपासून दूर शेड घालून तयार कपड्यांसाठी तीन इस्त्र्या लावल्या, असे समजा. मीटरजवळ २३० व्होल्ट आहेत, शेडमध्ये २१८. प्रवाह १२ अँपिअर. इस्त्र्यांना २१८ × १२, म्हणजे २६१६ वॅट मिळाले. मधले १२ व्होल्ट वायरने खाल्ले. १२ भागिले १२, म्हणून वायरचा रोध १ ओहम. आणि १२ × १२, म्हणजे १४४ वॅट नुसती वायर तापवण्यात गेले. असा प्रवाह रोज ८ तास, महिन्यात २५ दिवस वाहिला तर सुमारे २९ युनिट फुकट गेले. आपल्या बिलावरील दराने गुणून पाहावे.

दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरऐवजी अडीचची घातली तर रोध साठ टक्क्यांवर येतो आणि हे नुकसान सुमारे ८६ वॅटवर उतरते. वायर एकदाच घ्यावी लागते, बिल मात्र दरमहा येते.

ढिला जोड याहून घातक. तेथे अर्धा ओहम रोध असला तर १२ अँपिअरला ७२ वॅट उष्णता बोटाएवढ्या जागेत साठते. शेजारी कापडाचे तागे असतील तर काय होईल, हे सांगणे नको.

व्होल्टेज पडले की काम का रेंगाळते, हेही यातून कळते. २३० व्होल्टवर १००० वॅटच्या इस्त्रीचा रोध ५२.९ ओहम. १८० व्होल्टवर तीच इस्त्री जेमतेम ६१२ वॅट देते. मग कारागिराला बोल लावून काय उपयोग?

भिवंडीतील यंत्रमागवाल्या बंधूंनी एक फरक ध्यानात ठेवावा. मोटारीला हा साधा गुणाकार लागू होत नाही. तीन फेजच्या मोटारीसाठी व्होल्ट × अँपिअर × १.७३२ करून त्यास पॉवर फॅक्टरने गुणावे. ४१५ व्होल्ट, १.९ अँपिअर आणि पॉवर फॅक्टर ०.८ असेल तर सुमारे १०९३ वॅट होतात. भरलेल्या मोटारीवर व्होल्टेज घटले तर ती उलट जास्त अँपिअर ओढते, तापते आणि शेवटी जळते.

मोजमाप परवानाधारक वायरमनकडूनच करवून घ्यावे. क्लॅम्प मीटर एकाच तारेभोवती लावावा; दोन्ही तारा एकत्र धरल्यास तो शून्य दाखवतो. सर्व यंत्रे चालू असताना दोन्ही टोकांचे व्होल्ट व अँपिअर वहीत लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी फरक वाढलेला दिसला तर आधी जोड तपासावेत.