लुआरच्या काठाने, खडीच्या वाटेने

नदी : लुआर ही फ्रान्समधली सर्वांत लांब नदी, लांबी १,००० किलोमीटरहून थोडी जास्त. स्युली ते शालोन हा तिच्या खोऱ्याचा पट्टा २००० सालापासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

मार्ग : ‘लुआर आ वेलो’ हा खुणा लावलेला सायकलमार्ग सुमारे ९०० किलोमीटरचा आहे. नवेर शहराजवळून निघून तो अटलांटिक किनाऱ्याला पोहोचतो. मुख्य मार्ग सोपा, बहुतांशी सपाट. खडीची खरी मजा त्याला फुटणाऱ्या मळेवाटांवर आणि जंगलवाटांवर.

सायकल : खडीच्या वाटांसाठीच्या ग्रॅव्हल बाइकचं हँडल रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं, टायर मात्र रुंद, साधारण ३५ ते ५० मिलिमीटरचे. हवा थोडी कमी ठेवली की खडीवर पकड चांगली बसते आणि हादरे कमी लागतात.

द्राक्षं : सान्सेरला सोव्हिन्यों ब्लां, शिनोंला काबर्ने फ्रां, व्हूव्रेला शेनँ ब्लां. ही शेनँ म्हणजे आपल्या नाशिकच्या मळ्यांतली ‘शेनिन ब्लां’च!

हंगाम : मे-जून उत्तम. सप्टेंबरमध्ये द्राक्षतोडणी असते, तेव्हा मळेवाटांवर ट्रॅक्टरला आधी वाट द्या. शरदात शिकारीचा हंगामही सुरू होतो. जंगलात भडक रंगाचे कपडे घाला.

कायदा : १२ वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं. रात्री गावाबाहेर चमकणारं जॅकेट हवंच. रक्तातल्या मद्याची मर्यादा, लिटरमागे ०.५ ग्रॅम, सायकलस्वारांनाही लागू आहे. तेव्हा वाइनची चव मुक्कामी पोहोचल्यावरच घ्या.