टेलिफोटो भिंगे, जुनी
दूरच्या वस्तूची मोठी प्रतिमा देणारी व वलय हाताने फिरवून केंद्रित करावी लागणारी छायाचित्रण भिंगे. दीर्घ केंद्रांतराचे प्रत्येक भिंग काटेकोर अर्थाने टेलिफोटो नव्हे. टेलिफोटो रचनेत पुढे अभिसारी व मागे अपसारी भिंगसमूह असतो. त्यामुळे भिंगाची लांबी केंद्रांतरापेक्षा कमी राहते. ही रचना १८९१ च्या सुमारास लंडनचे डॉलमायर, बर्लिनचे मीते व म्यूनिकचे श्टाइनहाइल यांनी स्वतंत्रपणे पुढे आणली. संग्राहक हा भेद फारसा पाळत नाहीत. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी झाइसने केलेले १८० मिमी. एफ/२·८ झोनार व बंदुकीच्या दस्त्यासारख्या आधारावर बसविलेले सोव्हिएट ३०० मिमी. एफ/४·५ ताइर-३ ही त्यांची आवडती उदाहरणे होत.

२००८ मध्ये आरसाविरहित कॅमेरे आल्यावर या भिंगांना नवे आयुष्य लाभले. ४२ मिमी. व्यासाच्या आट्यांची जुनी भिंगे बैठकीपासून ४५·४६ मिमी. अंतरावर प्रतिमा पाडतात. सोनीच्या ई बैठकीत हे अंतर १८ मिमी. असल्याने उरलेले २७·४६ मिमी. साध्या जोडकडीने भरून निघते. कडी ०·१ मिमी. जरी जाड असली आणि भिंगाला अनंत खुणेपलीकडे फिरण्याची सवड नसली, तर ३०० मिमी. भिंग सुमारे ९०० मी. पलीकडे नेमके केंद्रित होत नाही. अशा वेळी दोष कडीचा असतो व बोल भिंगाला लागतो.

खरेदीपूर्वी द्वारक पूर्ण उघडून भिंगातून विजेरीचा प्रकाश तिरकस पाहावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू बुरशी दर्शवितात. एकसारखा धूसरपणा वंगणाच्या बाष्पाचा असू शकतो. कडेकडून आत सरकणारे चकचकीत डाग म्हणजे जोडभिंगांमधील बाल्सम सुटल्याची खूण. धूसरपणा बहुधा पुसता येतो. परंतु बुरशीच्या आम्लाने विलेप कोरला गेला असल्यास तो पूर्ववत होत नाही. पुढच्या काचेवरील एखादा ओरखडा मात्र खरेदीदार समजतात तितका घातक नसतो. मुंबई व कोकणच्या पावसाळ्यात भिंग मूळच्या चामडी पेटीत ठेवणे हा बुरशीला निमंत्रण देण्याचाच प्रकार आहे. सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा बरा.

प्रत्यक्ष परीक्षण भक्कम तिपाईवर, सकाळच्या थंड हवेत करावे. दुपारी तापलेल्या जमिनीवरील हवेची थरथर भिंगाच्या सर्व दोषांवर मात करते. हातात धरल्यास ३०० मिमी. भिंगाला निदान १/३०० सेकंद इतका अल्प प्रकाशनकाल लागतो, आणि तोही नेहमी पुरतोच असे नाही. प्रत्येक वेळी नव्याने केंद्रित करून एकाच विषयाची अनेक चित्रे घ्यावीत व त्यांतील सर्वोत्तम चित्रावरून निर्णय द्यावा. हाताने केंद्रित करण्यातील चूक त्याशिवाय वगळता येत नाही. चित्राचा एकच कोपरा सातत्याने अस्पष्ट आला, तर एखादे घटकभिंग अक्षापासून ढळलेले असण्याचा संभव असतो. पूर्वीच्या दुरुस्तीत असे पुष्कळदा घडते. उजळ आकाशापुढील फांद्यांना जांभळी-हिरवी कड दिसणे हे वर्णविपथन होय. साध्या काचेच्या दीर्घ भिंगांत ते स्वाभाविक असून द्वारक लहान केल्याने काही अंशी घटते. कॅननच्या १९६९ मधील ३०० मिमी. एफ/५·६ भिंगात याच कारणास्तव कृत्रिम फ्ल्युओराइट स्फटिक वापरला होता.

एका नमुन्याची परीक्षा त्या नमुन्यापुरतीच खरी असते. चाळीस-पन्नास वर्षांची हाताळणी झालेली एकाच बनावटीची दोन भिंगे सारखी निघतीलच असे नाही. म्हणून प्रसिद्ध नावापेक्षा मळसूत्राची एकसारखी फिरत, तेलविरहित पाती व निर्मळ काच यांना अनुभवी संग्राहक अधिक किंमत देतात.