दगड झालेला ताड

बारामती-इंदापूरच्या शेतांत नांगरताना पांढरट गारगोट्या वर येतात. काळ्या कातळाच्या पोकळ्यांत झिरपलेल्या पाण्यातली सिलिका साचून अशा गारगोट्या बनतात. हीच सिलिका लाकडाचाही दगड करते!

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थर पसरले. दोन उद्रेकांमधल्या शांत काळात तळी साचली, काठी ताडाच्या जातीची झाडे वाढली. एखादे खोड लाव्हारसात सापडले, तर जळून जाई. पण गाळात गाडले गेले, तर हवेअभावी सहसा कुजत नसे. सिलिका विरघळलेले पाणी त्यात मुरे. सिलिका आधी पेशींच्या भिंतींवर, मग पोकळ्यांत साचे. लाकूड गेले तरी त्याची घडण राही.

बारामतीखालचा हा कातळ पूर्वेला वर्ध्यापलीकडे पोचतो. तिकडे वर्धा जिल्ह्यातील नवरगाव आणि छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथे असे ताड सापडले आहेत.

ते ओळखावेत कसे? नारळाच्या ओंडक्याचा आडवा छेद पाहा. सागासारखी वर्तुळे नसतात. ठिपकेच ठिपके दिसतात. ते अन्नपाणी वाहणाऱ्या नळ्यांचे जुडगे होत. दगडातही तसेच ठिपके दिसले, तर तो हलवू नका. जागा टिपून शिक्षकांना दाखवा. जीवाश्माचे वय भोवतालचा थर सांगतो. थरापासून तुटला, की तो मुका होतो.